अंतरपाटाच्या पलीकडे : संतचरित्रपटांत इतिहास किती?

१/२०
जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून ते ‘जांब समर्थ’ या नावाने ओळखले जाते. परंपरेनुसार शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. या मुलाच्या चरित्रातील एक प्रसंग मराठी घराघरांत ठाऊक आहे. बोहल्यावर अंतरपाट धरला आहे, मंगलाष्टके चालू आहेत, ‘सावधान’ हा शब्द कानी पडतो आणि बारा वर्षांचा नवरदेव मांडवातून नाहीसा होतो. हा प्रसंग इतिहास आहे, श्रद्धा आहे की कथनकौशल्य? खऱ्या संतजीवनावर बेतलेल्या प्रत्येक चित्रपटाला हाच प्रश्न लागू पडतो. हा थ्रेड त्याविषयी.

२/२०
‘सावधान’चा प्रसंग जणू पडद्यासाठीच घडल्यासारखा आहे. एक शब्द, एक क्षण आणि आयुष्याला कायमचे वळण. मात्र आजच्या वाचकापर्यंत तो पोहोचतो तो शिष्यपरंपरेतील चरित्रग्रंथांतून. गिरिधरस्वामींचे ‘समर्थप्रताप’, आत्मारामांचे ‘दासविश्रामधाम’ आणि हनुमंतस्वामींची बखर ही त्यांतील प्रमुख नावे. हनुमंतस्वामींची बखर इ.स. १७९३ च्या सुमाराची आहे. समर्थांचे निर्वाण सज्जनगडावर १६८२ मध्ये झाले. म्हणजे निर्वाण आणि बखर यांत सुमारे १११ वर्षांचे अंतर पडते, तर विवाहप्रसंगापासून मोजल्यास ते १७० वर्षांच्या पुढे जाते.

३/२०
केवळ या अंतरामुळे बखर खोटी ठरत नाही. बखरकार पंथातील भाविकांसाठी लिहीत होता आणि गुरूचे माहात्म्य सांगणे हाच त्याचा हेतू होता. त्याच्याकडून न्यायालयीन साक्षीची अपेक्षा करणे चुकीचे, आणि त्याचे लेखन साक्ष म्हणून जसेच्या तसे स्वीकारणेही चुकीचे. नारायणाने लहान वयात घर सोडले, नाशिकजवळ टाकळी येथे तप केले, दीर्घ तीर्थाटन केले आणि १६४४ च्या सुमारास तो कृष्णाकाठी आला, हा सांगाडा परंपरेत स्थिर आहे. मांडव, अंतरपाट आणि तो नेमका शब्द हा त्या सांगाड्यावर चढलेला कथेचा देह आहे.

४/२०
या कथेत जे येत नाही, तिकडेही पाहिले पाहिजे. नारायणाच्या बालपणी आजचा जालना जिल्हा निजामशाही आणि मुघल यांच्यातील संघर्षाचा टापू होता. १६१६ च्या आरंभी शाहनवाजखानाच्या नेतृत्वाखालील मुघल फौजेने मलिक अंबरचा रोषणगाव येथे पराभव केला. हे रोषणगाव आजच्या बदनापूर तालुक्यात, म्हणजे याच जिल्ह्यात आहे. लढाईपूर्वी लखुजी जाधवरावांसारखे मातब्बर मराठा सरदार मुघलांना जाऊन मिळाले होते. विजयी फौजेने पुढे मलिक अंबरची खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, उद्ध्वस्त केली.

५/२०
त्या वेळी नारायण सात-आठ वर्षांचा होता. पुढे समर्थांच्या नावावर ‘अस्मानी सुलतानी’ आणि ‘परचक्रनिरूपण’ ही प्रकरणे आढळतात. राज्यकर्त्यांच्या स्वाऱ्या आणि निसर्गाचा कोप यांखाली भरडलेली प्रजा हा त्यांचा विषय. ज्या मुलखात हा मुलगा वाढला, तेथे युद्ध ही ऐकीव गोष्ट नव्हती. तथापि येथे एक पथ्य पाळावे लागते. ‘रोषणगावची लढाई पाहून नारायणाने घर सोडले’ असे विधान कुणी केले, तर तीही कादंबरीच होईल. पुरावा पार्श्वभूमी सांगतो. मनातले कारण तो सांगत नाही. चित्रपटाची चूक मात्र बहुधा उलट दिशेने होते. कॅमेरा मांडवात उभा राहतो आणि मांडवाबाहेरचा मुलूख चौकटीत येतच नाही.

६/२०
मराठी संतपटांचा पाया घातला तो प्रामुख्याने प्रभात फिल्म कंपनीने. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ही संस्था १९३३ मध्ये पुण्यास आली. पुढच्या काही वर्षांत एकनाथांवर ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘संत सखू’ (१९४१) असे चित्रपट तिने दिले. संत कसा दिसतो, कसा चालतो, कसा बोलतो याची जी प्रतिमा मराठी मनात आहे, तिचा मोठा भाग या चित्रपटांनी घडवला.

७/२०
या चित्रपटांत भूतकाळाइतकाच वर्तमानही बोलत होता. ‘धर्मात्मा’ हे मूळ नाव नव्हे. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि बालगंधर्वांनी एकनाथ साकारलेल्या या चित्रपटाचे नाव ‘महात्मा’ ठेवले होते. ब्रिटिश काळातील सेन्सॉरला त्यात गांधीजींचा निर्देश दिसला आणि नाव बदलावे लागले. एकनाथांनी अस्पृश्य मानलेल्या घरी जेवण घेतल्याची कथा महिपतींच्या ग्रंथांत आहेच. मात्र १९३५ मध्ये तीच कथा निवडणे हा त्या काळाचा निर्णय होता. म्हणून प्रत्येक चरित्रपट दोन काळांचा दस्तऐवज असतो. एक काळ तो दाखवतो आणि दुसऱ्या काळात तो तयार होतो.

८/२०
विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमागृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, गौरी जिजाई झाल्या. कलाकृती म्हणून या चित्रपटाची थोरवी वादातीत आहे. तेवढ्यासाठीच त्याची ऐतिहासिक तपासणी आवश्यक ठरते. दुबळ्या चित्रपटातील चूक चित्रपटाबरोबर विसरली जाते, पण उत्तम चित्रपटातील कल्पना पिढ्यान्‌पिढ्या आठवण होऊन राहते.

९/२०
तुकोबांविषयीच्या साधनांचे तीन थर मानता येतील. पहिला थर त्यांच्या स्वतःच्या अभंगांचा. काही अभंगांत त्यांनी आपला व्यवसाय, दिवाळे, दुष्काळ आणि कुटुंबावरील आघात सांगितले आहेत. दुसरा थर समकालीनांचा. संत बहिणाबाई (१६२८–१७००) यांनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत देहूचे वातावरण आणि मंबाजीने दिलेला त्रास वर्णिला आहे. तिसरा थर ताहराबादच्या महिपतींचा. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चे, म्हणजे तुकोबांच्या प्रयाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेले.

१०/२०
चित्रपटाचे कथानक प्रामुख्याने तिसऱ्या थराच्या वळणाने जाते. कारण उघड आहे. अभंगांत भावना आहे, पण प्रसंगांची साखळी नाही. महिपतींकडे पात्रे, संवाद, संघर्ष आणि चमत्कार अशी जवळजवळ तयार पटकथाच आहे. शिवाजी महाराज कीर्तनास आले असता शत्रू चालून येतो आणि विठ्ठलाच्या लीलेने ते वाचतात, किंवा अखेरीस तुकोबा विमानातून वैकुंठास जातात, हे सर्व त्या परंपरेचे देणे आहे. ‘चित्रपटात चूक आहे’ असे म्हणण्यापूर्वी ती चूक चित्रपटाची की त्याच्या आधारग्रंथाची, हे म्हणूनच पाहावे लागते.

११/२०
सालोमालोचे उदाहरण बोधप्रद आहे. हे नाव काल्पनिक नाही. दुसऱ्याच्या रचनेवर आपली नाममुद्रा लावणारा म्हणून त्याचा निर्देश खुद्द तुकोबांच्या अभंगांत येतो. पण त्यापलीकडे त्याच्याविषयी फारसे काही हाती लागत नाही. चित्रपटात मात्र तो कथेचा मुख्य खलनायक होतो आणि परंपरेत मंबाजीकडे असलेली छळकर्त्याची जागा जवळपास तोच व्यापतो. अनेक विरोधकांचा एक विरोधक करणे ही नाट्यरचनेची जुनी सोय आहे. तिची किंमत अशी की गावातील सत्ता, धर्माधिकार आणि जातिव्यवस्था यांच्याशी झालेला संघर्ष एका मत्सरी माणसाच्या कारस्थानाएवढा लहान होतो.

१२/२०
दुसरी वगळलेली गोष्ट याहून मोठी आहे. १६३०–३२ च्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. ही केवळ दंतकथा नव्हे, त्याची साक्ष त्यांच्याच अभंगांत आहे. १९३६ च्या चित्रपटाचे कथानक या काळानंतरचे असल्याने हा आघात त्याच्या केंद्रस्थानी येत नाही. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या २०१२ च्या ‘तुकाराम’मध्ये दुष्काळ आणि रखमा पडद्यावर आल्या. एकाच जीवनावरील दोन चित्रपट शेजारी ठेवले की कोणत्या काळाला कोणता तुकाराम हवा होता, हे दिसू लागते.

१३/२०
चित्रपट इतिहासात कसा मिसळून जातो, याचा सर्वांत ठळक दाखला एका गीताचा आहे. ‘आधी बीज एकले’ हे गीत असंख्य लोक तुकोबांचा अभंग म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात ते शांताराम आठवले यांनी ‘संत तुकाराम’ या चित्रपटासाठी लिहिले. भाषेचे वळण आणि भाव इतके जुळले की चित्रपटगीत आणि गाथा यांतील सीमारेषाच पुसली गेली. आठवल्यांनी कोणाला फसवले नव्हते, श्रेय त्यांच्या नावावर होतेच. श्रेयनामावली विसरली गेली आणि गीत उरले. गाथेची अनुक्रमणिका उघडून पाहण्याचा दोन मिनिटांचा व्याप कोणी केला नाही, एवढेच या गैरसमजाचे भांडवल.

१४/२०
मग चित्रपटाने घेतलेले प्रत्येक स्वातंत्र्य सारखेच दोषार्ह मानावे काय? तसे नाही. या स्वातंत्र्याचे किमान चार प्रकार पडतात. एक, संक्षेप: अनेक वर्षे दोन तासांत बसवणे. दोन, संवाद: जे बोलणे कोणीही नोंदवलेले नाही ते रचणे. तीन, चमत्कार: श्रद्धेने जे मानले ते दाखवणे. चार, काळ आणि नातेसंबंध यांत फेरफार: कोण कोणाला केव्हा भेटले, कोण कोणाचा गुरू, कोण कोणाचा वैरी, हे बदलणे. पहिल्या दोन प्रकारांवाचून चित्रपट संभवतच नाही. तिसरा प्रकार स्वतःची ओळख लपवत नाही. प्रश्न चौथ्याचा आहे.

१५/२०
विमान पाहून कोणी प्रेक्षक ते इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत लिहीत नाही. श्रद्धा असलेला नमस्कार करतो, नसलेला कलाकृती म्हणून पाहतो. दोघांनाही आपण काय पाहिले, हे ठाऊक असते. पण पडद्यावर दोन थोर पुरुष एका झाडाखाली भेटतात, खाली तारीख उमटते, एक दुसऱ्याच्या पायावर मस्तक ठेवतो, तेव्हा संशय घ्यावा असे काहीच दिसत नाही. घडू शकेल असा प्रसंग घडलाच होता, अशी समजूत सहज होते. चमत्कारापेक्षा संभाव्य वाटणारी कल्पना इतिहासाला अधिक जड जाते ती यामुळे.

१६/२०
याचे सर्वांत तापलेले उदाहरण पुन्हा जांबच्याच सुपुत्राशी निगडित आहे. शिवाजी महाराजांनी १६४९ मध्ये शिंगणवाडी येथे समर्थांचा अनुग्रह घेतला, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. वि. का. राजवाडे आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी हा पक्ष उचलून धरला. चांदोरकर, भाटे आदी अभ्यासकांनी दोघांची पहिली भेट १६७२ पर्यंत पुढे नेली. हा २३ वर्षांचा फरक किरकोळ नाही. पहिल्या मतानुसार स्वराज्याच्या आरंभापासून समर्थ मार्गदर्शक ठरतात. दुसऱ्या मतानुसार राज्याचा मोठा भाग उभा राहिल्यावर, राज्याभिषेकाच्या अवघी दोन वर्षे आधी, ही भेट होते.

१७/२०
वाद कागदांवर उभा आहे. १६५८ चे मानले जाणारे भास्कर गोसावींचे दिवाकर गोसावींस पत्र सांगते की राजांनी समर्थ कोण, कोठे राहतात, मूळ गाव कोणते, अशी चौकशी केली, आणि उत्तरात जांबचे नाव आले. १६७२ च्या केशव गोसावींच्या पत्रात राजांची ही पहिलीच भेट असल्याचा उल्लेख येतो. १६४९ मध्ये अनुग्रह झाला असेल, तर १६५८ मध्ये अशी चौकशी का व्हावी? ‘पहिली’ म्हणजे आयुष्यातील पहिली की त्या ठिकाणची पहिली? हे कागद मूळ की नकला? १६७८ ची चाफळची सनद या साखळीत कुठे बसते? प्रत्येक प्रश्नावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते मोकळेपणाने सांगणे हेच इतिहासाचे काम आहे.

१८/२०
येथे चित्रपटाची खरी अडचण लक्षात घेतली पाहिजे. इतिहासकार ‘याविषयी मतभेद आहेत’ असे एका वाक्यात लिहून पुढे जाऊ शकतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. भेट दाखवायची तर ती कोणत्या तरी वर्षी, कोणत्या तरी ठिकाणी, कोणत्या तरी मुद्रेत दाखवावीच लागते. म्हणून दिग्दर्शकाकडून प्रबंधाची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. पण वादग्रस्त बाब वादग्रस्त आहे, कोणता ग्रंथ आधाराला घेतला आणि कोणती पात्रे कल्पित आहेत, हे आरंभी स्पष्टपणे सांगणे त्याला सहज शक्य आहे. ‘सत्य घटनांवर आधारित’ एवढेच तीन शब्द लिहिणे म्हणजे श्रेय घ्यायचे आणि जबाबदारी टाळायची.

१९/२०
या चौकशीची गरज काय? गुरुशिष्यसंबंधाचा हा प्रश्न महाराष्ट्रात केवळ कालनिर्णयाचा राहिलेला नाही, त्याला जातीय आणि राजकीय अभिमानाची धार आहे. अशा वेळी दोन्ही बाजूंचे तरुण पत्र किंवा सनद पुढे न करता चित्रपटाची चित्रफीत पुढे करतात. मग भांडण इतिहासावर न राहता दोन पटकथांवर होऊ लागते. यात हानी संतांचीही होते. दुष्काळात होरपळलेला वाणी कवी कसा झाला, युद्धाच्या मुलखातील एक मुलगा गावोगाव मठ उभारणारा संघटक कसा झाला, हे खरे आणि अधिक थरारक प्रश्न त्या कोलाहलात हरवतात. समर्थांवरील ‘रघुवीर’ २०२३ मध्ये आला, पुढेही असे चित्रपट येत राहतील. ते यावेतच. प्रेक्षक तयार असावा, इतकेच.

२०/२०
संतपट पाहून आल्यावर चार प्रश्न कागदावर लिहावेत. हा प्रसंग संताच्या स्वतःच्या लेखनात आहे काय? समकालीन कोणी तो सांगितला आहे काय? नसल्यास तो प्रथम कोणत्या ग्रंथात येतो, आणि घटनेनंतर किती वर्षांनी? चित्रपटकर्त्यांनी काय गाळले? तुकोबांसाठी शासनाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेली गाथा आणि बहिणाबाईंचे अभंग उपलब्ध आहेत. समर्थांसाठी धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर आहे, जेथे देवांनी आयुष्य वेचून जमवलेली हस्तलिखिते आहेत. दासबोधात शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती अशा तीन प्रचीती सांगितल्या आहेत. तिन्हींचा मेळ बसल्यावाचून मान्य करू नये, ही त्या ग्रंथाची शिकवण अध्यात्माच्या संदर्भात आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती परकी वाटणार नाही. श्रद्धेने हात जोडावेत, आणि घरी येऊन गाथेची अनुक्रमणिकाही उघडावी.